विनोदी कलाकाराने रुग्णालय काढावं का? डॅनी थॉमस यांच्या निमित्ताने सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात स्किट करता, गावोगावी स्टेज शो होतात, लोक ओळखतात. अमेरिकेतल्या डॅनी थॉमस या विनोदी नटाबद्दल तुम्ही ऐकलंत. टीव्हीवर लोकांना हसवलं, पुढे समाजसेवेकडे वळले आणि टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात लहान मुलांच्या कर्करोगाचं ‘सेंट ज्यूड’ हे मोठं रुग्णालय उभारलं. तुम्हालाही आपल्या तालुक्यात गरीब मुलांसाठी तसंच काही करायचं आहे. ट्रस्ट काढून काम सोडावं का, आणि त्यांनी हे नेमकं जमवलं कसं, असं तुम्ही विचारलंय.

मी रुग्णालयांसाठी आणि आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थांसाठी निधी उभा करतो. बरीच वर्षं हेच चाललंय. कलाकारांनी काढलेले ट्रस्टही जवळून पाहिलेत. काही झकास चालले, काहींनी पहिल्या ऑडिटलाच मान टाकली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रश्नातली एक गोष्ट सरळ करून घेऊ. थॉमस विनोदाकडून समाजसेवेकडे ‘वळले’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण तारखा बघा. ज्यातून हे रुग्णालय झालं तो नवस (त्याची गोष्ट पुढे येते) बोलले ते 1940 च्या आसपास. टीव्ही मालिका 1953 ते 1964. रुग्णालय सुरू झालं 4 फेब्रुवारी 1962 ला. म्हणजे जागा ठरवणं, वर्गणी, बांधकाम हे सगळं ते टीव्हीवर ऐन भरात असताना चाललं होतं. त्यांनी धंदा सोडला असता तर रुग्णालय झालंच नसतं असं मी ठामपणे म्हणेन. तेव्हा काम सोडावं का, या प्रश्नाचं माझं उत्तर ‘अजिबात नको’. लोक तुमचं ऐकतात. ते ऐकणं कामाला कसं लावायचं, आणि तुमचा चेहरा जुना झाल्यावर संस्था कशाच्या जोरावर उभी राहील, हे खरे प्रश्न आहेत.

आता माणसाबद्दल. जन्म 6 जानेवारी 1912, मिशिगन राज्यातल्या डिअरफील्डचा. लहानपण ओहायोतल्या टोलेडोत. आईवडील लेबनॉनमधून आलेले मॅरोनाइट ख्रिश्चन, घरी मुलं बरीच आणि पैसा बेताचा. मूळ नाव अमोस मुझियाद याखूब कैरूझ, ते अमेरिकन तोंडात बसेना म्हणून अमोस जेकब्स. 1932 मध्ये डेट्रॉइटच्या रेडिओवर सुरुवात झाली. 1936 मध्ये रोझ मेरी यांच्याशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मोठी मुलगी मार्लो.

त्या बाळंतपणाच्या आधीची गोष्ट ते आयुष्यभर सांगत आले. खिशात सात डॉलर उरलेले. चर्चमध्ये गेले आणि भावनेच्या भरात ते सातही दानपेटीत टाकून मोकळे झाले. बाहेर पडता पडता डोक्यात प्रकाश पडला की बायकोच्या दवाखान्याचं बिल आता कुठून भरायचं? मग प्रार्थना केली, टाकले त्याच्या दहापट मिळू देत. दुसऱ्या दिवशी छोटंसं काम चालून आलं आणि साधारण तेवढेच पैसे मिळाले. पुढे पुन्हा ओढाताण झाली, घरचे म्हणू लागले की नटपणा सोड आणि किराणा दुकान काढ. तेव्हा त्यांनी संत ज्यूड यांना साकडं घातलं: मला वाट दाखव, मी तुझं देवस्थान उभारीन. कॅथलिक परंपरेत हा आशा सुटलेल्यांचा संत.

1940 मध्ये शिकागोच्या ‘5100 क्लब’मध्ये ते विनोदी कार्यक्रम करू लागले. रेडिओवर नाव होत असलेला माणूस परत क्लबात उभा राहतोय हे घरच्यांना कळू नये म्हणून दोन भावांची नावं जोडून ‘डॅनी थॉमस’ झाले. तेच नाव पुढे जगभर गेलं.

विनोदाची त्यांची जात आपल्याकडच्या पटकन पंच मारणाऱ्या स्टँडअपची नव्हती. ते गोष्ट सांगायचे, लांबवत, पात्रं उभी करत. पाण्याचा किंवा कॉफीचा घोट तोंडात असताना धक्कादायक काही ऐकू यावं आणि फुर्रकन सगळं बाहेर उडावं, ही त्यांची हुकमी करामत. नाक मोठं, ते शस्त्रक्रिया करून नीट करून घ्या असं चित्रपटवाल्यांनी सुचवलं, त्यांनी साफ नकार दिला. ‘मेक रूम फॉर डॅडी’ ही मालिका 1953 मध्ये एबीसी वाहिनीवर आली. त्यात ते क्लबात कार्यक्रम करणारा, घरी वेळ न देऊ शकणारा बाप झाले होते. 1957 मध्ये मालिका सीबीएस वाहिनीवर ‘द डॅनी थॉमस शो’ म्हणून गेली आणि 1964 पर्यंत चालली. एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. पुढे निर्माता म्हणूनही त्यांनी शेल्डन लिओनार्ड यांच्याबरोबर बऱ्याच मालिका उभ्या केल्या. हा भाग मी भरभर संपवतोय, कारण प्रसिद्धी कशी मिळवायची हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

त्यांचा ‘जॅक’चा किस्सा मात्र सांगायलाच हवा. रात्री आडरस्त्यावर एकाच्या गाडीचं चाक पंक्चर होतं आणि गाडी वर उचलायचा जॅक नसतो. लांब एका गॅरेजचा दिवा दिसतो, तो चालत निघतो. वाटेत मनात सुरू होतं: गॅरेजवाला झोपला असेल, उठवलं तर चिडेल, जॅकचे जास्त पैसे मागेल, अडलेल्याला लुबाडेल. दारापर्यंत पोचेस्तोवर तो इतका तापलेला असतो की दार उघडणाऱ्या बिचाऱ्यावरच खेकसतो, ठेव तुझा जॅक तुलाच! मला हा किस्सा फार आवडतो, कारण देणगी मागायला निघालेल्या नव्या माणसाचं अगदी हेच होतं. शेटजी नाही म्हणतील, बसवून ठेवतील, अपमान करतील असं ठरवूनच तो पायरी चढतो, आणि मग एकतर चाचरतो किंवा उद्धटपणे बोलतो. थॉमस मागताना कधी लाजले नाहीत. हसवून झालं की सरळ मागायचे.

आता मुद्द्यावर येतो. त्यांनी केलेल्या ज्या गोष्टी मला धंद्याच्या नजरेतून महत्त्वाच्या वाटतात, त्यांत पहिली म्हणजे नवसाचा अर्थ बदलू दिला. देवस्थान म्हणजे मंदिर, मूर्ती, पायऱ्या, एवढ्यावर ते थांबले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्यांनी ओळखीच्यांना विचारलं. शिकागोचे कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चमधले वरिष्ठ धर्मगुरू, सॅम्युएल स्ट्रिच यांनी मेम्फिस सुचवलं, कारण पाद्री म्हणून त्यांची सुरुवात तिथली होती. 1955 मध्ये मेम्फिसच्या व्यापाऱ्यांशी बोलणी सुरू झाली. मुलांचं रुग्णालय हा विचार पक्का होत होता, पण मेम्फिसमध्ये ल बोनर हे मुलांचं रुग्णालय 1952 पासून होतंच. तिथल्या डॉ. लेम्युएल डिग्ज यांच्यासारख्या जाणत्यांनी आग्रह धरला की आणखी एक साधं रुग्णालय काढण्यापेक्षा ज्या आजारांवर कुणाकडेच उत्तर नाही त्यांवर संशोधन करणारं काढा. थॉमस यांनी ते ऐकलं. हा साधा वाटणारा निर्णय मला सगळ्यांत मोठा वाटतो. जगभर नाव झालेल्या नटाला ‘तुमची कल्पना जरा बदला’ असं कुणी सांगितलं आणि त्याने ते मानलं, असं मी फार कमी वेळा पाहिलंय.

इमारतीचा आराखडा पॉल विल्यम्स या कृष्णवर्णीय वास्तुरचनाकाराने विनामूल्य करून दिला, ताऱ्याच्या आकाराची इमारत. 1962 साली अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकाच रुग्णालयात, एकाच वॉर्डात ठेवणं ही सोपी गोष्ट नव्हती. तिथे ते पहिल्या दिवसापासून होतं. कृष्णवर्णीय मुलांत जास्त आढळणाऱ्या सिकल सेल या रक्ताच्या आजारावरही सुरुवातीपासून काम झालं.

दुसरी गोष्ट पैशाची. तुमच्यासारख्यांशी बोलताना मी इथेच सर्वांत जास्त वेळ घालवतो. इमारतीसाठी पैसे मिळतात. कोनशिला, नावाच्या पाट्या, उद्घाटन, फोटो, यांवर देणारे खूश असतात. पण नर्सचा जून महिन्याचा पगार कुणाच्या नावाने द्यायचा? त्याला पाटी लागत नाही. मेम्फिसमध्येही हाच पेच होता: इमारतीचे पैसे जमतील, दर वर्षीचा चालू खर्च कोण देणार? त्यावर थॉमस आपल्या लोकांकडे गेले. अरब वंशाचे, लेबनॉन आणि सीरियातून आलेले हे लोक अमेरिकाभर छोटी दुकानं, कापडाचा व्यापार, हॉटेलं चालवत होते. त्यांना ते म्हणाले, या देशाने आपल्या आईवडिलांना थारा दिला, त्याची परतफेड म्हणून हे रुग्णालय आपण चालवू. 1957 मध्ये ‘अमेरिकन लेबनीज सीरियन असोसिएटेड चॅरिटीज’ ही संस्था निघाली, सगळे तिला ‘अल्सॅक’ म्हणतात. रुग्णालय उघडायच्या पाच वर्षं आधी! पैसे गोळा करणारं घर आधी बांधलं, उपचारांचं नंतर.

यात दोन खुब्या आहेत. एक, हा निधी एका समाजाच्या अभिमानाला बांधलेला होता. थॉमस यांचा एखादा कार्यक्रम पडला असता तरी टोलेडोच्या किंवा डेट्रॉइटच्या लेबनीज दुकानदाराची वर्गणी थांबली नसती, कारण तो डॅनीसाठी देत नव्हता, आपल्या बापासाठी देत होता. दोन, मागणारे आणि उपचार करणारे वेगळे ठेवले. डॉक्टरने दुपारी बाळाला सुई लावायची आणि संध्याकाळी देणगीदाराच्या पार्टीला जायचं, हे तिथे करावं लागलं नाही. पुढे देणगीदारांचा पसारा त्या समाजाबाहेर खूप गेला. शाळेतल्या मुलांनी गणितं सोडवायची आणि काका-मामांनी त्यापोटी पैसे द्यायचे, असले उपक्रमही निघाले. पण मूळ रोप त्या एका समाजाचं.

रुग्णालयाचा नियम असा ठेवला की उपचार, प्रवास, राहणं, जेवण, यांचं बिल कुठल्याही कुटुंबाला द्यायचं नाही. यावर टीकाही झाली आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. 2021 मध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने दाखवलं की 5 अब्ज डॉलरहून जास्त राखीव निधी साठलेला असताना काही कुटुंबांना अजूनही पदरचे खर्च सोसावे लागत होते. राखीव निधी असणं मला गैर वाटत नाही, रुग्णालयाला तो हवाच. पण ‘सगळं मोफत’ असं टीव्हीवर एकदा सांगितलं की लोक शब्दात पकडणारच, आणि पकडावंच.

तिसरी गोष्ट, डॉक्टरांच्या कामात नाक खुपसलं नाही. पहिले संचालक डॉ. डोनाल्ड पिंकेल पस्तिशीतले होते, स्वतः पोलिओतून उठलेले. बफेलोहून मेम्फिसला जाऊ नका, ते काही चालणार नाही, असं त्यांना अनेकांनी सांगितलं होतं. त्या काळात मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा जो मुख्य प्रकार आहे, त्यातली जेमतेम 4 टक्के मुलं जगत. औषधं होती, पण एकेक करून दिली जात. महिना-दोन महिने मूल बरं दिसे आणि आजार उलटे. पिंकेल यांनी अनेक औषधं एकत्र, जोरकस मात्रेत द्यायला सुरुवात केली. आजार उलटण्याचं एक मोठं कारण असं होतं की कर्करोगाच्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणांत दडून बसत, जिथे शिरेतून दिलेलं औषध नीट पोचत नाही. म्हणून डोक्याला किरणोत्सार आणि पाठीच्या कण्यातून औषध, हे उपचारातच घातलं. त्यानंतर दोन-तीन वर्षं चालू ठेवायची औषधं. साठच्या दशकाच्या शेवटी सुरू केलेल्या त्यांच्या पाचव्या अभ्यासात जवळपास निम्मी मुलं बरी झाली. आज त्या रुग्णालयात हा आकडा 90 टक्क्यांच्या वर आहे, आणि डोक्याचा किरणोत्सार त्याच्या दुष्परिणामांमुळे पुढे तिथेच बंदही केला गेला.

‘दोन-तीन वर्षं’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

इथपर्यंतचा हिशोब असा: नवसापासून दार उघडेपर्यंत वीसेक वर्षं गेली, त्यात अखेरची सात खरी धावपळीची, मधे टीव्हीचं काम चालूच, कल्पना जाणत्यांच्या सांगण्यावरून बदलली, चालू खर्चाची सोय इमारतीआधी केली, वैद्यकीय कारभार डॉक्टरांकडे. 1985 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या हस्ते त्यांना काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं, सुवर्णपदक मिळालं. 6 फेब्रुवारी 1991 ला ते गेले, रुग्णालयाच्या 29 व्या वर्धापनदिनानंतर दोन दिवसांनी, आणि त्याच आवारात त्यांचं दफन झालं. नंतर मार्लो आणि भावंडांनी निधीचं काम पुढे नेलं.

आता तुमच्याकडे येऊ. इथे बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे. तुमचा तालुका कुठला, जवळचं कर्करोग केंद्र किती लांब, तुमच्या मागे थॉमस यांच्यासारखा एखादा समाज, गाव किंवा चाहतावर्ग बांधलेला आहे का, आणि घर तुमच्या एकट्याच्या कमाईवर आहे का, हे मला माहीत नाही. तरी तालुक्याच्या ठिकाणी मुलांच्या कर्करोगाचं नवं रुग्णालय काढू नका, असं बहुतेक परिस्थितीत मी सांगेन. मुलांच्या कर्करोगाला प्रशिक्षित डॉक्टर, रक्तपेढी, पॅथॉलॉजी, अतिदक्षता विभाग आणि केमोथेरपी अचूक देणाऱ्या नर्सेस एकाच छताखाली लागतात. त्या माणसांना तालुक्यात आणणं आणि टिकवणं हे इमारतीपेक्षा कितीतरी अवघड. मोठी केंद्रं आहेत, परळचं टाटा मेमोरियल 1941 पासून आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्चही निघतो.

मग मुलं का मरतात? एक मोठं कारण, उपचार अर्धवट सुटतात. वर म्हटलं तसं, औषधं दोन-तीन वर्षं चालतात. नांदेडचा शेतमजूर बाप मुलाला घेऊन परळला येतो. उपचाराचे पैसे योजनेतून निघतात, पण राहायचं कुठे? खोलीचं भाडं, दोन वेळचं जेवण, बुडालेली मजुरी, घरी ठेवलेली दुसरी दोन मुलं. केमोने प्रतिकारशक्ती खाली गेलेल्या पोराला घेऊन आई फूटपाथवर झोपते, जंतुसंसर्ग होतो. किंवा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूल बरं दिसायला लागतं आणि बाप म्हणतो, आता गावी जाऊ. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा भार उचललाय. 2006 मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था तर खास उपचार घेणाऱ्या मुलांना आणि आईवडिलांना मोफत राहायला जागा देते. नाव त्याच संताचं, पण ती मेम्फिसच्या रुग्णालयाची शाखा नव्हे, स्वतंत्र भारतीय संस्था आहे. लोक गल्लत करतात म्हणून सांगितलं.

तुमच्या जिल्ह्यातून कर्करोग केंद्रात जाणाऱ्या मुलांचा प्रवास, राहणं, जेवण आणि पाठपुरावा, एवढं जरी तुम्ही उचललंत तरी जीव वाचतील, आणि तेही पुढच्या वर्षापासून. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हे अर्ध्या महाराष्ट्राला माहीत नसतं. तुम्ही स्किटमध्ये दोन मिनिटं हे सांगितलंत तर ते मी छापलेल्या पत्रकांपेक्षा जास्त लांब जाईल.

आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर पु. ल. देशपांडे बघा. रंगमंच, रेडिओ, दूरदर्शन, सगळीकडे वावरलेला माणूस. त्यांनी स्वतःचं रुग्णालय काढलं नाही. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानमधून, चांगलं काम करणाऱ्यांना शोधून पैसे दिले. पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये अनिल आणि अनिता अवचट यांनी सुरू केलं, त्यामागे पुलं-सुनीताबाईंची देणगी होती. काम अवचटांचं, बळ पुलंचं. अलीकडे मकरंद अनासपुरे आणि नाना पाटेकर यांनी 2015 मध्ये ‘नाम’ ही संस्था काढली ती तिसऱ्या वळणाची: स्वतःची संस्था, पण इमारतीत न अडकता दुष्काळी भागात काम. तुमचा स्वभाव कुठल्या वाटेचा हे तुम्हीच ओळखा. माझा कल तुमच्या बाबतीत पुलंच्या वाटेकडे आहे, निदान पहिली काही वर्षं.

मदतीच्या शोबद्दल थोडं, कारण तुम्ही तिथूनच सुरुवात करणार हे उघड आहे. नाट्यगृह हाउसफुल्ल झालं म्हणजे पैसे जमले असं नसतं. पहिल्या चार रांगा मानाच्या पासांत जातात आणि त्यातले निम्मे मानकरी येतही नाहीत. मग भाडं, साउंड, लाइट, जनरेटर, बॅनर, कलाकारांची गाडी, जेवणं, सत्काराच्या शाली. रात्री मेकअप रूममध्ये हिशोब मांडला की गल्ल्यातलं जे उरतं ते बघून आयोजक गप्प होतो. यावर उपाय एकच: खर्च आधी एखाद्या प्रायोजकाकडून पूर्ण उचलून घ्यायचा, म्हणजे तिकिटाचा रुपयान्‌रुपया कामाला जातो आणि तसं स्टेजवरून छातीठोकपणे सांगताही येतं. पास द्यायचेच असतील तर पासावर देणगीचा आकडा छापा. आणि स्टेजवर केस गेलेलं मूल आणून उभं करू नका. पैसे जास्त मिळतात, खोटं कशाला बोलू? पण ते मूल उद्या शाळेत जाणार आहे. थॉमस यांच्याकडे गोष्ट सांगायची कला होती, तुमच्याकडेही आहे. मुलाला न दाखवता त्याची गोष्ट सांगता येते.

पावती पुस्तकाकडे लक्ष द्या. अनुक्रमांक छापलेला हवा, स्थळप्रत जागेवर हवी, रद्द पावती फाडून न टाकता दोन्ही प्रती तशाच ठेवायच्या. देणगीदाराला ज्याला सगळे 80जी म्हणतात ती करसवलत हवी असेल तर पॅन घ्यावाच लागतो, आणि दोन हजार रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही. शोच्या गर्दीत चाहता खिशातून पाच हजार काढून देतो आणि तुमचा भाचा ते खिशात ठेवतो, ‘उद्या भरतो’ म्हणतो. ट्रस्टच्या बदनामीची सुरुवात बहुतेक वेळा इतकी साधी असते. क्यूआर कोड ट्रस्टच्याच खात्याचा लावा, तुमच्या किंवा मॅनेजरच्या नाही.

विश्वस्त निवडताना घरचे दोनच्या वर नकोत. एक सीए, एक डॉक्टर जो त्या केंद्राशी संबंधित आहे पण ज्याचं स्वतःचं हॉस्पिटल तुमच्या मदतीवर चालणार नाही, आणि एखादा तुमचा स्पष्टवक्ता टीकाकार. विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यावा लागतो आणि ते प्रकरण रेंगाळतं, त्यामुळे हौसेने अकरा-अकरा नावं घालू नका. जमीन कुणी दान देत असेल तर लगेच हुरळून जाऊ नका. एकदा ती ट्रस्टच्या नावावर झाली की आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि दात्याची अपेक्षा असते की त्याच जागेवर इमारत झाली पाहिजे. मग इमारतीच्या मागे सगळी शक्ती जाते.

कमाईचा भाग वेगळा ठेवा. तुमचं मानधन तुमचं, त्यातून ठरलेला हिस्सा चेकने ट्रस्टला द्या. आज ना उद्या कुणीतरी विचारणारच, शो ट्रस्टसाठी होता की पोटासाठी, आणि तेव्हा कागद दाखवता आला पाहिजे.

ट्रस्ट डीड, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेचा दस्तऐवज, अजून नोंदवलं नसेल तर एक करा. उद्देशांच्या कलमात ‘रुग्णालय स्थापन करणे व चालवणे’ एवढंच वकील लिहून देतील, कारण त्यांच्याकडे तो मसुदा तयार असतो. त्यात रुग्ण व नातेवाइकांचा निवास, प्रवास, भोजन, औषधं, आरोग्यविषयक जनजागृती आणि समान उद्देशाच्या इतर नोंदणीकृत संस्थांना साहाय्य, हे सगळं स्पष्ट शब्दांत घालून घ्या. उद्देश नंतर वाढवायचे म्हटलं तर फेऱ्या माराव्या लागतात, आणि तोवर तुम्ही धर्मशाळेला दिलेला पहिलाच चेक ऑडिटर लाल शाईने गोल करून ठेवतो. मसुदा झाला की त्यातली नावं खोडून फक्त उद्देशांचं पान इथे टाका, आणि सोबत तालुका व जवळचं केंद्र लिहा. ते बघून पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक कसं मांडायचं ते सांगतो.